पंडिता रमाबाई : शब्दप्रमाणाचा शोध

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना पंडिता रमाबाईंचे नाव आपण स्त्रीशिक्षण आणि प्रवासवर्णन या दोन संदर्भांत वाचतो. प्रस्तुत घटकात त्यांच्या जीवनाकडे तिसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे. कोणता ग्रंथ प्रमाण मानावा आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. त्यांचे धर्मांतर, त्यांचे वाद आणि अखेरचे बायबल-भाषांतर या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी भटकत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा. ज्या सभेने त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला, तिच्याच शास्त्रांनी स्त्रीला वेदाधिकार नाकारलेला होता. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचावयास दिले, तेव्हा आरंभी त्यांना संकोच वाटला. पुढे धर्मशास्त्रे बारकाईने वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, हे ग्रंथ अनेक बाबतींत परस्परांशी विसंगत असले तरी स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी त्यांचे एकमत आहे. हा निष्कर्ष त्यांनी कोणा मिशनऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता, तर मूळ संस्कृत वाचून काढला होता, याला महत्त्व आहे.

1880 साली बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या घरात बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक लहान प्रत त्यांच्या हाती आली. 1882 मध्ये पतीचे पटकीने निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक या वर्षातील. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबर रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे फादर नीळकंठ नेहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा वाटा होता. गोऱ्हे स्वतः काशीत शास्त्र शिकलेले. ख्रिस्ती धर्माच्या प्रामाण्याची चर्चा ते शास्त्री ज्या रीतीने करतात त्याच रीतीने करीत, आणि रमाबाईंना ती भाषा घरची होती.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मठातील भगिनींना वाटले असावे. खरा वाद तेथून पुढे सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की, नव्या शिष्येने चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी. रमाबाईंची भूमिका वेगळी होती. येशूची शिकवण त्यांनी स्वीकारली होती, पण त्रैक्याचा सिद्धान्त, अथानेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार आणि बिशपांचे अधिकार यांना बायबलात स्पष्ट आधार दाखवा, असे त्या विचारीत. पुरोहितवर्गाचे जोखड एकदा झुगारल्यावर दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. मठातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिनऐवजी संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, परंतु कोणत्याही एका भाषेला जन्मजात पावित्र्य देण्यास त्यांचा नकार होता आणि हा नकार पुढे त्यांच्या भाषांतरात उतरला. चेल्टनम महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र या शंका अधिक धीराने ऐकून घेतल्या.

जेराल्डीन यांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती, हे नमूद केले पाहिजे. ग्रंथ स्वतः बोलत नाही, त्याला वाचणारा लागतो आणि एकट्या वाचकाची चूक दाखवणार कोण, हा परंपरेचा आक्षेप जुना आहे. रमाबाईंची मतेही स्थिर राहिली नाहीत. भारतात परतल्यावर, 1891 च्या सुमारास, पुनर्वाचनातून ज्या येशूच्या ईश्वरत्वाविषयी त्या साशंक होत्या, त्यावर त्यांची श्रद्धा बसली. मत बदलले, पण ते पुन्हा ग्रंथ वाचूनच बदलले.

1889 साली मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यात आले. विधवांच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हे तटस्थतेच्या वचनाशी कितपत सुसंगत होते, याविषयी आजही मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकास रानडे यांची अडचण खरी वाटते.

1896-97 च्या दुष्काळानंतर केडगावला ‘मुक्ति’चा विस्तार झाला. कल्याणकडून निघाल्यास पुणे-दौंड मार्गावर हे स्थानक लागते. तेथेच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल तोपर्यंत उपलब्ध होते, परंतु त्यातील संस्कृतप्रचुर शब्द हिंदू धर्मकल्पनांचे अर्थ सोबत आणतात आणि खेड्यातील बाईला कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे हे गद्य काही ठिकाणी ओबडधोबड झाले आहे. त्यांच्या अमेरिका-प्रवासवृत्ताची ओघवती मराठी ज्याने वाचली आहे, त्याला हा फरक लगेच जाणवतो. सुबक लिहिणे त्यांना येत नव्हते असे नाही. येथे त्यांनी ते जाणूनबुजून बाजूस ठेवले.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. त्या आघातानंतरही रमाबाईंचे मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1924 साली संपूर्ण ग्रंथ केडगावहून प्रसिद्ध झाला.