खोटी कडी, खरी जबाबदारी : संत तुकाराम महाराजांच्या जीवनातील व्यवहार

संत तुकाराम महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टाळ, वीणा आणि इंद्रायणीचा काठ येतो. पण महाराजांच्या हातात वीणा येण्यापूर्वी तराजू आला होता आणि तोही वयाच्या तेराव्या वर्षी. दुकान, उधारी, फसलेली खरेदी आणि बुडालेला धंदा या सगळ्यांतून ते गेले. म्हणून त्यांचे चरित्र मुलांना सांगण्यासारखे आहे, तसेच पालकांनी स्वतः वाचण्यासारखेही आहे.

तेराव्या वर्षी दुकानाची गादी

महाराजांचा जन्म देहू येथे झाला. जन्मवर्ष साधारणपणे इ.स. १६०८ मानले जाते. वडील बोल्होबा आणि आई कनकाई. घरात शेती होती, महाजनकी होती, सावकारी होती आणि विठ्ठलाची पिढीजात उपासनाही होती. थोरले बंधू सावजी यांचे मन संसारात रमत नव्हते. त्यांनी प्रपंचाचा भार घेण्यास नकार दिला, तेव्हा बोल्होबांनी तो तुकोबांच्या खांद्यावर ठेवला. धाकटे कान्होबा तर लहानच होते.

तेरा वर्षांच्या मुलाने दुकानात बसून माल तोलायचा, उधारी लिहायची आणि वसुली करायची. आरंभीची काही वर्षे त्यांनी हे काम चोख केले. वडिलांचा आधार होता, घरात सुबत्ता होती आणि गावात नाव होते.

आघातांची वर्षे

सतराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. पुढे थोरल्या भावाची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यानंतर दख्खनमध्ये १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, धान्य मिळेना. महाराजांची पहिली पत्नी रखुमाई अन्नाविना गेली, मुलगा संतोबा गेला आणि व्यापाराचे दिवाळे निघाले. महाराजांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे काहीही लपवलेले नाही. जनात मानहानी झाली, लाज वाटली, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

सोन्याचा मुलामा

संतचरित्रकार महिपतींच्या परंपरेत या काळातली एक कथा येते. महाराज मिरच्या विकण्यासाठी कोकणात गेले. माल विकून थोडा पैसा हाती आला. परतीच्या वाटेवर एका ठकाने त्यांना हातातली कडी दाखवली आणि ती सोन्याची असल्याचे भासवले. महाराजांनी विश्वास ठेवून कडी विकत घेतली. देहूला आल्यावर कळले की ती पितळेची असून वर केवळ सोन्याचा मुलामा आहे. कष्टाची कमाई गेली आणि घरात चूल पेटण्याची पंचाईत झाली.

दुसऱ्या पत्नी जिजाई यांनी तरीही धीर सोडला नाही. कथेप्रमाणे त्यांनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून महाराजांना पुन्हा व्यापाराला पाठवले. या वेळी नफाही झाला. पण वाटेत कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि महाराजांनी सारी रक्कम त्याला देऊन टाकली. जिजाई रागावल्या, असे चरित्रे सांगतात. त्यांच्या रागाकडे आपण हसून पाहू नये. घरातल्या मुलांच्या पोटाची काळजी त्यांनाच वाहावी लागत होती. भंडारा डोंगरावर भजनात रमलेल्या पतीसाठी भाकरी घेऊन जाणाऱ्याही त्याच होत्या.

कर्जखतांचा निवाडा

महाराजांनी जबाबदारीचा अर्थ किती खोलवर जाणला होता, हे पुढच्या प्रसंगात दिसते. घरात लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून ती वसूल करणे म्हणजे मेलेल्याला मारणे होते. महाराजांनी ती खते इंद्रायणीत सोडून द्यायचे ठरवले. मात्र त्याआधी त्यांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धी खते कान्होबांना दिली आणि केवळ आपल्या वाट्याची पाण्यात सोडली.

येथे थोडे थांबून विचार करावा. सगळीच खते बुडवली असती तरी लोकांनी महाराजांना दानशूरच म्हटले असते. पण त्यात भावाच्या हक्काचे दान झाले असते. दुसऱ्याच्या वस्तूवर आपण उदार होऊ शकत नाही, हा विवेक त्यांनी वैराग्याच्या ऐन भरातही सोडला नाही. ज्यांच्यावर अवलंबून दुसरे कोणी आहे, त्यांनी त्याग करतानाही हिशेब चुकवू नये, हेच यातून कळते.

महाराजांनी घरही सोडले नाही. ते अखेरपर्यंत गृहस्थ राहिले, पडझड झालेले विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले आणि साडेचार हजारांच्या आसपास अभंगांचे धन मागे ठेवले. इ.स. १६५० मध्ये त्यांचे वैकुंठगमन झाले, असे मानले जाते. पुढे त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली.

आपल्या घरासाठी बोध

आज मूल बाजारातून वस्तू आणते आणि ती खोटी, फुटकी किंवा महाग निघते. तेव्हा आपण लगेच ओरडतो, नाहीतर लगेच नवी वस्तू आणून देतो. दोन्ही वेळा मुलाचा अनुभव आपण हिरावून घेतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून तीन गोष्टी पाहाव्यात. पैसा कोणाच्या कष्टाचा होता? घेताना आपण काय तपासायला हवे होते? आणि आता या नुकसानीतला आपला वाटा आपण कसा उचलणार?

पुढच्या वेळी थोडी रक्कम पुन्हा त्याच्याच हाती द्यावी. कड्यांची खरेदी फसल्यानंतरही जिजाईंनी विश्वास टाकलाच होता. वस्तूवरचा मुलामा ओळखण्याची नजर अशा अनुभवांतूनच येते आणि हळूहळू तीच नजर आपल्या मनावरचा मुलामाही ओळखू लागते.