आचार्य अत्रे : वर्गापासून विधानसभेपर्यंत

साने गुरुजींचं 'श्यामची आई' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्यावर चित्रपट काढणारे गृहस्थ पुढे दादरचे आमदार झाले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ते म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे, आपले आचार्य अत्रे.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. मुळात ते शिक्षक. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी १९२८ मध्ये अध्यापनाची पदविका मिळवली. मुलांना मराठीची गोडी लागावी म्हणून 'नवयुग वाचनमाला' तयार केली.

पण वर्गात मुलं असतात किती? चाळीस-पन्नास! अत्र्यांना तर सगळ्या महाराष्ट्राशी बोलायचं होतं. मग नाटकं आली, चित्रपट आले. १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी 'महात्मा फुले' काढला. त्यात कीर्तन करताना दिसतात ते कोणी नट नव्हेत, साक्षात गाडगेबाबा! या चित्रपटालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. नाचगाण्यांची रेलचेल नसतानाही चांगला चित्रपट होतो, हे त्यांनी करून दाखवलं.

तेवढ्यात मोठा प्रश्न उभा राहिला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही? लालबाग-परळचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. या लढ्यात १०६ जण हुतात्मा झाले. अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक 'मराठा' सुरू केलं. त्यांच्या सभांना शिवाजी पार्क अपुरं पडे. १९५७ च्या निवडणुकीत दादरकरांनी त्यांना विधानसभेत पाठवलं. तेव्हा सभागृह गेटवेजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. समोरची माणसं बदलली, पण अत्रे तेच. अवघड विषय सोपा करायचा, हसवायचं आणि मग नेमका घाव घालायचा!

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. त्यांची लेखणी कधी कधी मर्यादा सोडत असे. वाद झाला की समोरच्याला जिव्हारी लागेल असं ते लिहून जात. मोठ्या माणसाचं सगळंच घ्यायचं नसतं, चांगलं ते निवडून घ्यायचं.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले.

मुलांनो, पुस्तक, पडदा, वर्तमानपत्र, विधानसभा, साधनं चार. पण त्यांमागचा शिक्षक एकच. आता एक करा. तुमच्या वस्तीतला एखादा प्रश्न निवडा आणि तो आजीलाही समजेल अशा सोप्या मराठीत दहा ओळींत लिहून आणा. अत्र्यांची जयंती साजरी करायची तर अशीच!