लक्ष्मीवहिनींचे मंगळसूत्र

बडा गणपतीच्या पायाशी आपण दरवर्षी आपल्या मुलांसाठी विद्या मागतो. परक्यांच्या मुलांना विद्या मिळावी म्हणून सौभाग्यलेणे देणाऱ्या माउलीचे स्मरण आम्ही यंदा करीत आहोत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीत जेवत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे आधी जड गेले. पुढे मात्र त्याच मुलांचे जेवणखाण, दुखणीबाणी त्यांनी आईच्या मायेने पाहिली. मुले त्यांना वहिनी म्हणत.

भाऊराव मदतीसाठी गावोगाव हिंडत. खर्च भागेना तसा वहिनींचा एकेक दागिना मोडला गेला. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीतले धान्य संपले. वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. मुले उपाशी राहिली नाहीत.

१९३० मध्ये वहिनी गेल्या. १९४७ मध्ये साताऱ्यात उभे राहिलेले संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्यांना पाहायला मिळाले नाही. भाऊराव १९५९ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, याच कामात राहिले. आज वटवृक्ष हे ‘रयत’चे बोधचिन्ह आहे. त्याच्या मुळाशी ते मंगळसूत्र आहे, असे आम्ही मानतो.

मंडळींनो, यंदा आरतीनंतर प्रत्येक घराने एका गरजू मुलाच्या वह्यापुस्तकांचा भार उचलावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!