फडावरचे हिशेबनीस : नाना फडणवीस

ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबईतील सी.ए. कचेऱ्यांकडे निघालेली आर्टिकलशिपची मुले-मुली आम्ही नेहमी पाहतो. त्यांचा व्यवसाय महाराष्ट्राला नवा नाही. फडणीस हे आडनाव होण्यापूर्वी हुद्दा होता, आणि फड ही पेशव्यांची हिशेबाची कचेरी होती. त्या हुद्द्यावरील सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, अर्थात नाना फडणवीस.

भानू घराणे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा १७१९ साली पेशव्यांच्या सेवेत दिल्लीत मारले गेले. फडणिशी घराण्यात आली ती पेशव्यांच्या या कृतज्ञतेतून. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. १७५६ मध्ये वडील वारले आणि चौदाव्या वर्षी हुद्दा अंगावर आला. पद वारशाने मिळाले तरी काम मात्र शिकावेच लागले. १७६१ मध्ये पानिपताहून ते कसेबसे परतले. आई परतली नाही. त्यांच्या छोट्या आत्मचरित्रात तारुण्यातील दोषांची मोकळी कबुली आहे. मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या माणसाची ही बाजू फारशी कोणी वाचत नाही.

फडाचे काम काटेकोर होते. रोजच्या आदेशांची व रकमांची नोंद रोजकिर्दीत होई. कमाविसदार वर्षारंभी जमाखर्चाचा अजमास घेऊन मुलखात जाई आणि वर्षाअखेर त्याला पुण्यात हिशेब द्यावा लागे. आम्हांस विशेष वाटते ती दरकदारांची व्यवस्था. मुलखातील फडणीस, दप्तरदार इत्यादी अधिकाऱ्यांची नेमणूक हुजुरातून होई. कमाविसदाराला त्यांना काढता येत नसे, म्हणून त्याची अफरातफर उघडी पडण्याची शक्यता राही. हिशेब तपासणारा ज्याचे हिशेब तपासतो त्याच्या मर्जीवर नसावा, हा आजच्या ऑडिटचाही पाया आहे.

१७७४ पासून बारभाईंच्या कारभारात राज्याची सूत्रे नानांकडे आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी गेली. १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांना युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये देण्याचे ठरले. १७८० मध्ये कल्याण व वसईही इंग्रजांकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. ठाणे व साष्टी मात्र कायमची गेली.

दूरच्या कमाविसदाराचा हिशेब मागणाऱ्या नानांनी स्वतःच्या शहरातील कोतवालाकडे दुर्लक्ष केले. १७९१ मध्ये घाशीरामाने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा कुठे पुण्याचा संताप त्यांच्यापर्यंत पोहोचला. शिवाय अधिकारपदावर असताना त्यांनी अमाप खाजगी संपत्ती जमवली. तिचा हिशेब मागण्याची हिंमत कोणात होती? १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केले, ते तिच्याचसाठी, असे म्हणावयास हरकत नाही. मोठी रक्कम देऊन १७९८ मध्ये ते सुटले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढे दुसऱ्या बाजीरावाने महाल जास्त बोली करणाऱ्याला इजाऱ्याने देण्यास सुरुवात केली. इजारदाराने ठरलेला पैसा भरला की रयतेकडून किती वसूल केले, हे कोणी विचारीनासे झाले. पेशवे दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. बाजीरावाच्या काळातील अव्यवस्था त्या कागदांतूनच कळते.