राजशिष्टाचाराचा माणूस

गेल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्याचे काम माझ्याकडे होते. मानाची खुर्ची कोणाची यावरून ऐनवेळी घोळ झाला आणि खापर माझ्या डोक्यावर फुटले. त्या चिडीतून मी ‘राजशिष्टाचार’ या शब्दाच्या मागे लागलो आणि ग्रंथालयात अँजिअर बिडल ड्यूक यांची गाठ पडली.

जन्म १९१५, न्यूयॉर्क. घराणे तंबाखूच्या व्यापारातले, गडगंज. येल विद्यापीठ त्यांनी पदवी न घेताच सोडले. सैन्यात साधे शिपाई म्हणून शिरले आणि महायुद्ध संपले तेव्हा मेजर होते. १९५२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते एल साल्वादोरला राजदूत म्हणून गेले. त्या काळी इतका तरुण अमेरिकन राजदूत दुसरा नव्हता.

१९६१ मध्ये केनेडींनी त्यांना राजशिष्टाचार विभागाचे प्रमुख केले. काम वरकरणी सोपे: पाहुण्यांचे स्वागत, मानपान, कोण कोणाच्या आधी चालणार. पण ते वर्ष आफ्रिकेतील नव्या स्वतंत्र देशांचे होते. त्यांचे वकील न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला मोटारीने निघत, तेव्हा मेरीलँडमधील चाळीस नंबरच्या रस्त्यावरची उपाहारगृहे त्यांना साधी कॉफीही देत नसत. चाडच्या राजदूतांचा असाच अपमान झाला. राजवाड्यात गालिचा आणि रस्त्यावर हाकलणे, असला हा शिष्टाचार! ड्यूक यांच्या विभागाने हॉटेलवाल्यांची मनधरणी सुरू केली. काळ्या सदस्यांना दार बंद ठेवणाऱ्या वॉशिंग्टनच्या मेट्रोपॉलिटन क्लबचा त्यांनी स्वतः राजीनामा दिला.

मला मात्र एक गोष्ट खटकते. ही धडपड आधी परदेशी वकिलांपुरतीच होती. त्याच वर्षी बाल्टिमोरचे तीन काळे पत्रकार एका काल्पनिक आफ्रिकी देशाचे अधिकारी बनून त्या रस्त्याने गेले, तर बऱ्याच ठिकाणी त्यांना खायला मिळाले. देशातल्या नागरिकाला जे नाही, ते झगा घातलेल्या परक्याला! हा दोष एकट्या ड्यूक यांचा नव्हे, पण तो होता. कायद्याने दारे उघडली ती १९६४ मध्ये.

घरीही ते वर्ष वाईटच गेले. जुलै १९६१ मध्ये त्यांच्या तिसऱ्या पत्नी मारिया लुईसा विमान अपघातात गेल्या. कामाला खंड पडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी चौथा विवाह केला. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींच्या अंत्यविधीला ९० हून अधिक देशांचे प्रतिनिधी लोटले. एरवी अशा भेटीची तयारी महिनोन्‌महिने चालते. इथे हाताशी तीनच दिवस होते. माझी दोन खुर्च्यांत झालेली त्रेधा आठवून मला ओशाळल्यासारखे झाले.

पुढे ते स्पेनला राजदूत झाले. जानेवारी १९६६ मध्ये पालोमारेस गावावर अमेरिकन विमानांची टक्कर होऊन चार हायड्रोजन बाँब खाली पडले. त्यातला एक समुद्रात. पाण्याची भीती घालवायला ड्यूक मार्चमध्ये स्पॅनिश मंत्र्यांसह त्या समुद्रात उतरून पोहले. तो बाँब तेव्हा अजून समुद्रातच होता! तो वर निघाला एप्रिलमध्ये.

नंतर डेन्मार्क, मोरोक्को. एप्रिल १९९५ मध्ये, ७९ व्या वर्षी, चाकांचे बूट घालून रस्त्यावर घसरत जाताना मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.