रुडॉल्फ डिझेल

मुलांनो, रस्त्याच्या कडेला बंद पडलेला एखादा जुना ट्रक तुम्ही पाहिला असेल. टाकीत डिझेल असते, बॅटरीही चांगली असते, तरी इंजिन काही सुरू होत नाही. मिस्त्री येतो. तो आधी डिझेल फिल्टर उघडतो. कचऱ्याने काळा पडलेला जुना फिल्टर काढतो. नव्या फिल्टरच्या रबरी वायसरला डिझेलचे बोट लावतो आणि फिल्टर घट्ट बसवतो. मग वरचा एक छोटा स्क्रू सैल करून तो हातपंप मारू लागतो. स्क्रूजवळून फसफस फेस येतो. तो पंप मारतच राहतो. हळूहळू बुडबुडे कमी होतात आणि डिझेलची स्वच्छ धार वाहू लागते. तेव्हा तो स्क्रू आवळतो. ड्रायव्हर चावी फिरवतो. इंजिन दोनदा खोकते आणि धडधडू लागते.

मिस्त्री लोक याला 'एअर काढणे' म्हणतात. फिल्टर बदलताना नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पण कित्येक टन माल ओढणारा ट्रक एवढ्याशा हवेपुढे हार का मानतो? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या कामात सापडते. त्या माणसाचे नाव आपण रोज घेतो. पण ते माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. लहानगा रुडॉल्फ तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांना पोहोचवीत असे. सवड मिळाली की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तेथे शंभर वर्षांपूर्वीची, वाफेवर चालणारी एक अवजड गाडी ठेवलेली होती. ती पाहताना तो रमून जाई. तेथील यंत्रांची चित्रेही तो काढी.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोट भरणे कठीण होते. म्हणून आईवडिलांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवले. तेथील काका गणिताचे शिक्षक होते. आईवडिलांपासून दूर राहून रुडॉल्फने अभ्यासात मन घातले. इंजिनिअर व्हायचे, हे त्याने चौदाव्या वर्षीच ठरवून टाकले. मुलाने लवकर कमाईला लागावे, असे आईवडिलांना वाटत होते. पण रुडॉल्फने शिष्यवृत्ती मिळवली आणि १८७५ साली म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

तेथे कार्ल फोन लिंडे हे नामवंत प्राध्यापक शिकवीत. बर्फ तयार करणारी यंत्रे बनवण्यात त्यांनी मोठे काम केले होते. एका तासाला त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळशातून निघणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के उष्णता कामी येते आणि बाकीची वाया जाते, असे त्या हिशेबातून दिसत होते. शंभर रुपयांच्या कोळशातले नव्वद रुपये धुरासारखे उडून जावेत, तसाच हा प्रकार! रुडॉल्फच्या मनाला ही गोष्ट लागली. ही उधळपट्टी थांबवणारे इंजिन बनवायचे, हा ध्यास त्याने घेतला.

१८७९ साली परीक्षेच्या वेळीच त्याला विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. पण त्याने तो वेळ फुकट घालवला नाही. स्वित्झर्लंडमधील एका यंत्रांच्या कारखान्यात त्याने प्रत्यक्ष काम केले. पुढच्याच वर्षी तो उत्तम गुणांनी परीक्षा उत्तीर्ण झाला.

आता रुडॉल्फ डिझेल इंजिनिअर झाले. लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांचे काम ते पॅरिसमध्ये पाहू लागले. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात नव्या इंजिनाचा विचार, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहिला. कित्येक वर्षे खटपट केली, पण मनासारखे इंजिन तयार झाले नाही. शेवटी त्यांनी साध्या हवेकडे लक्ष वळवले.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्हांला माहीत आहे. हवा जोराने दाबली की ती तापते. डिझेल यांची कल्पना याच गोष्टीवर आधारलेली होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची. दट्ट्याने ती इतकी दाबायची की ती विस्तवासारखी तापली पाहिजे. मग तिच्यात इंधनाचा बारीक फवारा सोडायचा. ठिणगी नको, काडी नको. इंधन आपोआप पेटेल आणि दट्ट्याला जोराने ढकलेल. १८९२ साली त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी त्यांना पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले.

पुष्कळ जाणकारांना ही कल्पना अशक्य वाटली. पण आउग्सबुर्ग येथील यंत्र कारखान्याने जागा आणि कारागीर दिले. क्रुप कंपनीनेही पैसा पुरवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. इंधन आत जाताच मोठा स्फोट झाला. दाब मोजण्याचे उपकरण फुटले आणि त्याचे तुकडे उडाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. इंजिन काही चालले नव्हते. तरीही डिझेल निराश झाले नाहीत. दाबलेल्या हवेने इंधन पेटते, हे त्या स्फोटाने सिद्ध केले होते.

त्यांनी इंजिनात बदल केले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. किती वेळ? फक्त एक मिनिट! त्या एका मिनिटामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. पुढे आणखी तीन वर्षे गेली. अगदी थोडे इंधन, अगदी योग्य क्षणी, एवढ्या मोठ्या दाबाविरुद्ध आत कसे सोडायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न होता. शेवटी त्यांनी दाबाखालच्या हवेच्या झोताने इंधन आत फवारले. १८९७ साली म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी या इंजिनाची रीतसर तपासणी केली. इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी येत होती! वाफेचे इंजिन फार मागे पडले.

डिझेल यांचे नाव देशोदेशी गेले. अनेक कारखान्यांनी इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेतले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. लहान कारागिरांच्या हाती स्वतःचे इंजिन असावे, मोठ्या कारखान्यांपुढे त्यांचा टिकाव लागावा, अशी डिझेल यांची मनापासून इच्छा होती. वडिलांच्या छोट्या कारखान्यात वाढलेल्या मुलाची ही इच्छा होती.

पण यशाबरोबर संकटेही आली. सुरुवातीला विकलेली इंजिने वारंवार बंद पडू लागली. गिऱ्हाइके तक्रारी करू लागली. पेटंटवरून वाद झाले. डिझेल यांची प्रकृती ढासळली. त्यांनी म्युनिकमध्ये मोठे घर बांधले होते. पण व्यवहारात त्यांना मोठी खोट आली. यंत्रातला दोष शोधून काढणाऱ्या या माणसाला पैशाचा हिशेब मात्र जमला नाही. बाहेरून वैभव दिसत होते आणि आत कर्ज वाढत होते.

१९१२ साली 'सेलांडिया' हे डिझेल इंजिनांवर चालणारे मोठे जहाज डेन्मार्कहून निघून बँकॉकपर्यंत गेले. साऱ्या जगाने कौतुक केले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ रोजी, डिझेल बेल्जियममधून 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्रीचे जेवण झाले. सकाळी लवकर उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. त्यांच्या खिशातील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. त्या रात्री काय घडले, याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. तेव्हा त्यांचे वय ५५ वर्षांचे होते.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. हवेच्या झोताने इंधन फवारणारे इंजिन फार जड होत असे. पुढे हवेऐवजी पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याची पद्धत आली आणि इंजिन हलके झाले. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलचे ट्रक आले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधनाचे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. खेडोपाडी डिझेलची लहान इंजिने विहिरीचे पाणी उपसू लागली, पिठाच्या गिरण्या चालवू लागली. लहान माणसाच्या हाती इंजिन असावे, ही डिझेल यांची इच्छा अशी दूरदेशी पुरी झाली.

आता आपण मिस्त्रीकडे परत येऊ. पंप आणि नोझल यांच्यातील फटी केसाहून कितीतरी बारीक असतात. कचऱ्याचा एक कणही तेथे इजा करतो, म्हणून डिझेल गाळावे लागते. आणि हवेचे काय? द्रव पदार्थ दाबला तरी फारसा आकसत नाही. म्हणून पंपाने दिलेला दाब डिझेलमधून थेट नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. नळीत बुडबुडा असला, तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि फवारा उडत नाही. गंमत पाहा! सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते म्हणून इंजिन चालते; नळीत हवा दाबली जाते म्हणून तेच इंजिन अडते. हवेचा गुण एकच. जागा बदलली की तो दोष ठरतो.

हे काम मात्र तुम्ही स्वतः करून पाहू नका. चालू इंजिनाच्या नोझलचा फवारा कातडीत घुसू शकतो. डिझेलचा धूरही आरोग्याला घातक आहे, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून आज नवे इंजिनिअर अधिक स्वच्छ इंजिनांच्या शोधात आहेत. वाया जाणारी शक्ती पाहून रुडॉल्फ अस्वस्थ झाला होता. वाया जाणारी स्वच्छ हवा पाहून आज तुमच्यापैकी कोणी अस्वस्थ झाला, तर त्याचा शोधही तेथूनच सुरू होईल.

स्वाध्याय

१. लिंडे यांच्या तासाला रुडॉल्फच्या मनाला कोणती गोष्ट लागली?
२. पहिला प्रयोग फसूनही डिझेल निराश का झाले नाहीत?
३. नळीतील हवेमुळे इंजिन का अडते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'हवेचा गुण एकच. जागा बदलली की तो दोष ठरतो.' असे दुसरे एखादे उदाहरण लिहा.