अल्पायुषी कलावंताची दीर्घायुषी कारकीर्द

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने खासबाग मैदानाशेजारी पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू करवीरवासीयांच्या जिव्हाळ्याची होती. तिच्या पुनर्बांधणीचा निर्णय शासनाने त्वरेने जाहीर केला, हे उचितच झाले. तथापि ज्याचे नाव या नाट्यगृहाने धारण केले, त्या कलावंताने नेमके काय उभारले होते, याचे स्मरण या निमित्ताने झाले पाहिजे. केवळ एकतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या गायक-नटाची कारकीर्द त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ चालत राहिली. ती कशाच्या बळावर, हा प्रश्न रंगभूमीच्या आजच्या उपासकांनीही विचारावा असा आहे.

केशवरावांचा जन्म १८९० सालचा. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि अगदी कोवळ्या वयात हा मुलगा जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. गरीब घरातील गोड गळ्याचा मुलगा नाटक कंपनीत घालणे, हा त्या काळी चरितार्थाचा एक मार्ग होता. प्रतिष्ठित समाज मात्र त्याकडे फारशा आदराने पाहत नसे. शालेय शिक्षणाचा योग केशवरावांच्या वाट्याला आला नाही. त्यांची शाळा म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड. गावोगावचे मुक्काम, दिवसा तालीम, रात्रभर नाटक आणि सकाळी पुन्हा नव्या नकलेची घोकंपट्टी, अशा धबडग्यात त्यांचे बालपण सरले. याच मंडळीत गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकात त्यांनी नायिकेची भूमिका केली आणि या बालनटाचे नाव सर्वतोमुखी झाले.

बालवयात मिळालेली कीर्ती ही कलावंताच्या जीवनातील मोठी परीक्षा असते. आवाज फुटला, चेहऱ्यावरील कोवळीक ओसरली, की ज्याला काल वन्स मोअर मिळत होते त्याला आज कोणी विचारीत नाही, हा अनुभव त्या काळच्या कितीतरी स्त्रीपार्टी मुलांनी घेतला. दूरचित्रवाणीच्या गायनस्पर्धांतून एका रात्रीत घरोघरी पोहोचणाऱ्या मुलांपुढेही आज याहून फारसे निराळे भवितव्य नसते. केशवरावांचे वेगळेपण असे की, लाभलेल्या कीर्तीवर ते विसंबून राहिले नाहीत. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या करड्या शिस्तीच्या गवयाची तालीम त्यांनी घेतली. मुळात चढा आणि धारदार असलेला त्यांचा आवाज या मेहनतीने कमावला गेला. रसिकांनी त्यांना संगीतसूर्य म्हटले ते केवळ देणगीमुळे नव्हे, तर त्या देणगीवर घेतलेल्या कष्टांमुळे.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. नाटक कंपनी चालविणे म्हणजे एक फिरते गावच पोसणे होते. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी अशा साऱ्यांचे पगार आणि जेवणखाण मालकाने सांभाळावयाचे, सामानाचे पेटारे रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाचे, आणि पाऊस, साथ किंवा प्रेक्षकांची नाराजी यांपैकी काहीही आडवे आले तरी त्याचा फटका एकट्याने सोसावयाचा. हातखंडा झालेली जुनी नाटके घेऊन सुरक्षितपणे मार्ग कंठणे सहज शक्य होते. केशवरावांनी तो मोह टाळला.

त्यांच्या मंडळीने वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' रंगभूमीवर आणले; त्यातील मृणालिनी ही केशवरावांची गाजलेली भूमिका. त्यानंतर भार्गवराम विठ्ठल वरेरकर यांचे 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्याच्या प्रश्नावरील नाटक १९१६ साली आले, आणि १९१९ साली त्यांचेच 'संन्याशाचा संसार'. पुराणातील राजे आणि ऋषी यांच्या मेळ्यात रमलेल्या प्रेक्षकाला त्याच्याच माजघरातील व्यवहार दाखविणे, आणि तेही संगीत नाटकाच्या माध्यमातून, हे धाडसाचे काम होते. विषय बोचरा, लेखक नव्या विचारांचा आणि प्रेक्षक गाण्यासाठी आलेला. यांचा मेळ घालण्याची जबाबदारी अखेर मालकाच्या, म्हणजे केशवरावांच्या, गळ्यावरच येऊन पडत होती. बालपणी शारदेच्या रूपाने जरठ वराला विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख गाणाऱ्या या नटाने तरुणपणी हुंड्याची लाज वेशीवर टांगणारे नाटक स्वतःच्या जोखमीवर उभे केले. ज्याला शाळेचा उंबरठा लाभला नाही, त्याने लेखकाच्या नव्या विचारावर आपली मिळकत पणाला लावावी, हे त्या काळाच्या संदर्भात लहानसहान पाऊल नव्हते.

केशवरावांच्या कारकिर्दीचा कळसाध्याय म्हणजे 'संयुक्त मानापमान'. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचा प्रयोग एकत्र केला. नारायणराव राजहंस उपाख्य बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. एकाच्या मुलायम गळ्याचे आणि दुसऱ्याच्या तडफदार तानेचे चाहते एरवी परस्परांशी हमरीतुमरीवर येत. एवढ्या चुरशीच्या दोन मंडळ्यांच्या मालकांनी एका राष्ट्रकार्यासाठी एकाच रंगमंचावर उभे राहावे, ही घटना मराठी माणूस अद्याप विसरलेला नाही. यातील एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. ज्या केशवरावांची कीर्ती स्त्रीभूमिकांतून वाढली होती, त्यांनी या प्रयोगात नायिका बालगंधर्वांकडे सोपवून स्वतः पुरुषभूमिका स्वीकारली आणि ती यशस्वी करून दाखविली. एका साच्यात मिळालेले यश मोडून दुसऱ्या साच्यात स्वतःला ओतणे हे मोठ्या नटालाही सहसा साधत नाही.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. मालक हाच प्रमुख नट आणि तोच प्रमुख गायक अशी मंडळी मालकाबरोबरच संपावी, हा जणू नियमच होता. ललितकलादर्श मात्र संपली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा उचलली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ साली, वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. समकालीन प्रश्नांना हात घालण्याची केशवरावांनी घातलेली वहिवाट मोडली नाही. १९३७ साली बापूराव निवर्तले. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेला पुन्हा उभारी दिली. 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके केशवरावांना प्रत्यक्ष न पाहिलेल्या पिढीने याच संस्थेच्या नावाखाली पाहिली. २००८ साली या नावाला शंभर वर्षे झाली. संस्थापकाने ते अवघी चौदा वर्षेही मिरविले नव्हते.

व्यक्तीच्या गळ्यावर उभी असलेली कला व्यक्तीबरोबर जाते, याबद्दल आपण हळहळतो. परंतु त्यावरील उपाय केशवरावांनी आपल्या आचरणातून दाखविला होता. त्यांनी आवाजाला विद्येची जोड दिली, समकालीन लेखकाला आश्रय दिला, आणि स्वतःच्या यशाचा सांगाडा संस्थेच्या स्वरूपात बांधला. आजच्या कलावंताला प्रसिद्धीची साधने केशवरावांच्या शतपटीने उपलब्ध आहेत. गुरूच्या समोर बसून वर्षानुवर्षे घासण्याची सवड आणि नव्या लेखकाच्या मागे पैसा उभा करण्याची हिंमत यांची मात्र वानवा आहे. हा दोष एकट्या कलावंताचा नव्हे. तयार मालावर टाळ्या वाजविणारा, पण तो तयार होईपर्यंत धीर न धरणारा प्रेक्षकही त्यात भागीदार आहे, आणि कलेला उत्सवापुरते अनुदान देणारे शासनही.

कोल्हापूरच्या नाट्यगृहाच्या भिंती आणि छप्पर पूर्ववत करणे हे अभियंत्यांचे काम आहे. त्या रंगमंचावर वर्षातून काही दिवस नव्या लेखकाचे नवे नाटक अल्प भाड्यात उभे राहील, त्या परिसरात गायक-नटांच्या तालमीची कायम सोय होईल, एवढे जरी शासनाने आणि नगरवासीयांनी मिळून ठरविले, तरी केशवरावांचे नाव त्या दरवाजावर शोभून दिसेल.